गुंतवणूकदारांचा वकील: सनदेपासून स्वतःच्या चेंबरपर्यंत

शेअर बाजाराशी संबंधित वकिलीतली बहुतेक कामं कंपन्या, प्रवर्तक, ब्रोकर आणि म्युच्युअल फंड यांच्याकडून येतात. फी वेळेवर मिळते, कागद नीट लावलेले असतात आणि सूचना द्यायला कायदा विभाग असतो. गुंतवणूकदाराच्या बाजूला यातलं काहीच नसतं. अशील निवृत्त शिक्षक असतो किंवा छोटा कारखानदार. कागद पिशवीत कोंबलेले असतात, मोबाइल मध्येच बदललेला असतो आणि अर्धे ईमेल उडालेले असतात. तरीही ही बाजू निवडायची असेल, तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की धरा: सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, आदेश वेगळा आणि अशिलाच्या खात्यात पैसे येणं वेगळं. दंड सरकारी तिजोरीत जातो. बेकायदा नफ्याची वसूल केलेली रक्कम कायद्यानुसार सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होते. तिथून ती लोकांना वाटता येते, पण नुकसान झालेली माणसं ओळखता आली तरच. २००३ ते २००५ या काळातल्या आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअर विक्री) घोटाळ्यात न्या. डी. पी. वाधवा समितीने आखून दिलेल्या पद्धतीने वंचित अर्जदारांना पैसे मिळाले, कारण कोणाचा अर्ज डावलला गेला याची नोंद होती. म्हणून प्रत्येक प्रकरण हातात घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणाच्या हुकमाने पैसा परत येईल, आणि त्या मंचापुढे जाण्याइतके कागद आपल्याकडे आहेत का?

सत्यम प्रकरणाने हा फरक सगळ्यांना दाखवून दिला. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं हिशेब फुगवल्याचं कबुलीपत्र बाहेर आलं. अमेरिकेत सत्यमच्या डिपॉझिटरी रिसीट (शेअरच्या आधारे तिथल्या बाजारात विकली जाणारी प्रमाणपत्रं) घेतलेल्यांनी तिथे सामूहिक दावा चालवला. कंपनीने १२.५ कोटी डॉलर आणि लेखापरीक्षकांनी २.५५ कोटी डॉलर भरून तो मिटवला. त्याच कंपनीचे शेअर मुंबईत घेतलेल्या माणसाला तेव्हा अशी वाटच नव्हती. सभासदांना सामूहिक दावा करू देणारं कंपनी कायदा २०१३ मधलं कलम २४५ या पोकळीतून आलं.

शिक्षण आणि सनद

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, दोन्ही चालतात. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सीईटी आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. या विशिष्ट कामासाठी बी.कॉम. करून तीन वर्षांचा एलएलबी करणारा मुलगा किंवा मुलगी मागे पडत नाही, उलट ताळेबंद वाचायची सवय आधीच लागलेली असते. मुंबईत शिकता आलं तर चांगलं. सेबीचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, सिक्युरिटीज अपील न्यायाधिकरण म्हणजे सॅट नरिमन पॉइंटला, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं (एनसीएलटी) खंडपीठ कफ परेडला आणि उच्च न्यायालय फोर्टमध्ये आहे. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयातला विद्यार्थी सकाळचे तास संपवून दुपारी सॅटमध्ये मागच्या बाकावर बसू शकतो. पुण्याच्या आयएलएसमधून सुट्टीत येऊन महिनाभर हेच करता येतं. ज्या दिवशी बसायचं आहे, त्या दिवशीच्या यादीतल्या प्रकरणांचे सेबीचे मूळ आदेश आदल्या रात्री वाचून जा. तेवढं केलं नाही तर समोर नुसते आकडे आणि तारखा वाहून जातात.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अखिल भारतीय बार परीक्षा सनदेनंतर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते.

जोडीला काय शिकावं? रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला सेबीने उभारलेली एनआयएसएम ही संस्था आहे. तिच्या प्रमाणपत्र परीक्षांपैकी डिपॉझिटरीचं (शेअर डीमॅट स्वरूपात सांभाळणारी संस्था) कामकाज, इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज (शेअरचे वायदे) आणि मध्यस्थ संस्थांचं नियमपालन या तीन उपयोगी पडतात. वायद्यांचा मार्जिन (व्यवहारासाठी ठेवावी लागणारी अनामत) कसा लागतो हे कळत नसेल, तर ब्रोकरने शेअर का विकले यावर उलटतपासणी घेता येत नाही. कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम झेपत असेल तर करा, पण तो झाला म्हणून जागा राखीव होते असं समजू नका. सेबी कायद्याच्या कलम १५व्ही नुसार सॅटपुढे वकिलांबरोबर सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही उभे राहू शकतात, त्यामुळे स्पर्धा तिकडूनही आहेच. परदेशातला एलएलएम करायचा असेल, तर तीन-चार वर्षं इथे काम केल्यावर जावं. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यांचं गणित इथल्या वकिलाला लागू होत नाही (का ते फीच्या भागात येईल), आणि अनुभवाशिवाय गेलेल्याला काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते उमगत नाही.

पहिली तीन वर्षं कुठे काढायची

यावर मतं वेगळी असतात. आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं दीड-दोन वर्षं अशा चेंबरमध्ये काढा जिथे सेबी आणि सॅटचं काम नियमित चालतं, मग ते ब्रोकरच्या किंवा कंपनीच्या बाजूचं असलं तरी चालेल. समोरची बाजू काय जपून ठेवते, काय लपवू शकत नाही आणि कोणत्या मुद्द्यावर सेबीचे आदेश पडतात, हे तिथेच कळतं. टी. टकानो विरुद्ध सेबी या फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने नोटीस मिळालेल्या माणसाला तपास अहवालातला संबंधित भाग मिळण्याचा हक्क मान्य केला. अशा मुद्द्यावर वर्षानुवर्षांचं प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर जातं आणि गुंतवणूकदार वाट बघत राहतो. हे आतून पाहिलेला वकील अशिलाला खोटी आशा दाखवत नाही.

दुसरी वाट म्हणजे सेबीतली नोकरी. सेबी साहाय्यक व्यवस्थापक पदासाठी कायदा शाखेची वेगळी भरती काढते. पगार चांगला आणि प्रशिक्षण उत्तम, पण सेवेत असताना वकिली बंद, आणि बाहेर पडल्यावर जुन्या फायलींशी संबंधित कामं घेता येत नाहीत. तिसरी वाट ग्राहक संघटनांची. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांत तक्रारदाराशी बोलायला, त्याचं म्हणणं दोन पानांत बसवायला माणूस शिकतो. हे कौशल्य मोठ्या फर्ममध्ये मिळत नाही.

ज्युनियरला मिळणारे पैसे हा खरा अडसर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलने शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. चेंबर निवडताना हा प्रश्न संकोच न करता विचारा. मुंबईत राहण्याचा खर्च घरून येणार नसेल, तर दोन वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय उडी घेऊ नका.

काय वाचायचं

कायदे तीन: सेबी कायदा १९९२, सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायदा १९५६ आणि डिपॉझिटरीज कायदा १९९६. हे तिन्ही एकत्र करणारं सिक्युरिटीज मार्केट्स कोडचं विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. तेव्हा कलमांचे आकडे पाठ करण्यापेक्षा अधिकार कोणाला, कशासाठी आणि किती मुदतीत हे डोक्यात बसवा. नियमावल्यांपैकी गुंतवणूकदाराच्या वकिलाला रोज लागणारी म्हणजे फसव्या आणि अनुचित व्यवहारांना बंदी घालणारी २००३ ची नियमावली. त्यानंतर सूचिबद्ध कंपन्यांच्या प्रकटीकरणाची २०१५ ची, अंतर्गत माहितीवरच्या व्यवहारांची २०१५ ची, टेकओव्हरची २०११ ची आणि गुंतवणूक सल्लागारांची २०१३ ची.

निकालांत सुरुवात किशोर अजमेरा (२०१६) पासून करा. थेट पुरावा नसला तरी व्यवहारांच्या वेळा, प्रमाण आणि पद्धत यांवरून संगनमताचा निष्कर्ष काढता येतो, हे त्यात आलं आहे, आणि तुमच्या बहुतेक प्रकरणांत थेट पुरावा नसतोच. मग कनैयालाल पटेल (२०१७), श्रीराम म्युच्युअल फंड (२००६), आणि ३१ ऑगस्ट २०१२ चा सहारा निकाल, ज्यात गुंतवणूकदारांची रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश झाला. फ्रँकलिन टेम्पल्टन म्युच्युअल फंडाने २३ एप्रिल २०२० रोजी सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या, तेव्हा युनिटधारकांनी लढून त्यांच्या संमतीशिवाय योजना बंद करता येत नाही हे ठरवून घेतलं. तो जुलै २०२१ चा निकाल पूर्ण वाचा. संख्येने मोठ्या पण विखुरलेल्या लोकांच्या वतीने याचिका कशी बांधतात, याचा तो चांगला धडा आहे.

पहिलं प्रकरण: परवानगीशिवाय केलेले व्यवहार

नव्या वकिलाकडे सर्वांत आधी येणारी तक्रार हीच असते. सबब्रोकर, म्हणजे ब्रोकरच्या वतीने ग्राहक सांभाळणारा, आताच्या भाषेत ऑथराइज्ड पर्सन, याने अशिलाच्या खात्यात वायद्यांचे व्यवहार केले, शेअर विकून तोटा भरला आणि आता खात्यात काही उरलं नाही. इथे सविस्तर थांबू, कारण हे काम नीट जमलं तर बाकीची बरीचशी जमतात.

अशिलाची हकिकत ऐकायच्या आधी कागद मागा: खातं उघडतानाचा पूर्ण अर्ज, त्यातला मोबाइल आणि ईमेल, मुखत्यारपत्र किंवा २०२२ पासून आलेला डीडीपीआय (डीमॅटमधले शेअर काढण्यासाठी ब्रोकरला दिलेली मर्यादित परवानगी), सगळ्या काँट्रॅक्ट नोट (प्रत्येक व्यवहाराची ब्रोकरने पाठवायची पावती), ब्रोकरचं लेजर, डीमॅटचं विवरण, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडून येणारं एकत्रित विवरण, बँकेचं पासबुक आणि एक्स्चेंजकडून आलेले एसएमएस. अर्जातला ईमेल अशिलाचाच आहे का, हे सर्वांत आधी तपासा. सबब्रोकरने स्वतःचा किंवा नवा बनवलेला ईमेल घातला असेल, तर काँट्रॅक्ट नोट अशिलापर्यंत पोचल्याच नाहीत आणि प्रकरणाचं वजन बदलतं.

मग एक तक्ता करा. तारीख, शेअर किंवा वायदा, नग, दर, काँट्रॅक्ट नोटचा क्रमांक, ऑर्डर कशी दिली गेली, तिचा पुरावा कोणाकडे, एसएमएस आला का, आणि त्या दिवशी अशिलाने पैसे भरले का, असे नऊ रकाने. हजार व्यवहार असले तरी सगळे भरा. यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, नेमकं कोणत्या दिवसापासून खात्याची चाल बदलली. दुसरी, अशिलाने स्वतः केलेले व्यवहार कोणते. ते मान्य करून बाजूला काढले की उरलेल्यांवरचा दावा जास्त विश्वासार्ह ठरतो.

आता ब्रोकरकडे लेखी मागणी करा. सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवायचा असतो: फोनचं ध्वनिमुद्रण, सही असलेली सूचना, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेट व्यवहाराची नोंद. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक देऊन हा पुरावा मागा. "सर्व रेकॉर्ड द्या" असं मोघम लिहिलं की मोघम उत्तर येतं. ब्रोकर पुरावा दाखवू शकला नाही, तर प्रतिकूल निष्कर्ष काढावा अशी विनंती लवादापुढे याच पत्राच्या आधारे करायची असते.

प्रकरण पडतं ते बहुतेकदा तीन कारणांनी. अशिलाने लॉगिन आणि ओटीपी सबब्रोकरला स्वतः दिलेले असतात. महिनोन्‌महिने एसएमएस आणि काँट्रॅक्ट नोट येत असूनही त्याने हरकत घेतलेली नसते, आणि समोरचा वकील म्हणतो की ही मूकसंमती झाली. तिसरं आणि सर्वांत घातक, दरमहा ठरावीक टक्के परतावा देण्याचा करार सबब्रोकरशी खासगीत झालेला असतो, कधी रोखीत. हमी परताव्याचा असा व्यवहार एक्स्चेंजच्या चौकटीबाहेरचा मानला जातो आणि तक्रार दारातूनच परत जाते. हा करार असेल तर अशील तो सहसा पहिल्या भेटीत सांगत नाही. बँकेच्या विवरणात दरमहा येणारी सारखी रक्कम शोधा आणि शांतपणे विचारा.

नुकसानीची रक्कम काढताना फक्त तोट्याच्या ओळींची बेरीज करू नका. वादग्रस्त व्यवहारांतला नफाही वजा करावा लागतो. दलाली, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) आणि जीएसटी वेगळे दाखवा. अशिलाचे शेअर विकले गेले असतील, तर विक्रीच्या दिवसाची किंमत, तक्रारीच्या दिवसाची किंमत आणि त्या दरम्यानचा लाभांश किंवा बोनस असे पर्याय मांडा. लवादाला आकडा हवा असतो, आणि तो कसा आला हे एका पानावर दिसलं पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश फोनमधून काढताना फोन अशिलाच्याच ताब्यात ठेवा आणि भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र तयार करा. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक) लिहावं लागतं आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. लवादापुढे पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नसतात, पण तेच संदेश उद्या फौजदारी न्यायालयात लागले तर तेव्हा फोन सापडेलच असं नाही.

मंच कोणता

स्कोअर्स हे सेबीचं तक्रार संकेतस्थळ २०११ पासून आहे, आणि नवी आवृत्ती १ एप्रिल २०२४ पासून. कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची. ज्या संस्थेविरुद्ध तक्रार आहे तिने २१ दिवसांत कारवाई अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत पहिला फेरविचार मागायचा, तोही पटला नाही तर पुन्हा १५ दिवसांत सेबीकडे दुसरा. हे १५ दिवस चुकणारे लोक फार आहेत, कारण अहवाल आल्याचा ईमेल कोणी उघडत नाही. तक्रारीत वकिलाचा ईमेलही सूचनांसाठी देता येतो का ते पाहा, नाहीतर अशिलाच्या मुलाला रोज बघायला सांगा.

खरी वसुली होते ती स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन मंचावर, जो जुलै २०२३ च्या परिपत्रकाने आला. आधी सलोखा, त्याला २१ दिवस, दोघांच्या संमतीने आणखी १०. जमलं नाही तर लवाद. एक लाखापर्यंतच्या दाव्यात फक्त कागदांवर निर्णय होतो, ३० लाखांपर्यंत एक लवाद, त्याहून मोठ्या दाव्याला तीन जणांचं मंडळ. सलोखाकार मान्य करण्याजोगी रक्कम ठरवतो, म्हणून सलोख्याला औपचारिकता समजून हात हलवत जाऊ नका. तुमचा तक्ता तिथेच कामाला येतो. सगळी सुनावणी ऑनलाइन असल्यामुळे सांगली, नाशिक किंवा पणजीत बसूनही हे काम करता येतं. मुंबईबाहेरच्या तरुण वकिलांनी इकडे आवर्जून लक्ष द्यावं. सेबी या परिपत्रकात अधूनमधून दुरुस्त्या करते, त्यामुळे दावा भरायच्या आदल्या दिवशी ताजं मुख्य परिपत्रक पुन्हा वाचा. निवाड्याला आव्हान लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, तीन महिन्यांत, फार तर आणखी ३० दिवस. त्यानंतर एक दिवसही माफ होत नाही.

ब्रोकरच बुडाला तर रांग वेगळी. कार्वीने ग्राहकांचे शेअर गहाण टाकले, सेबीचा अंतरिम आदेश २२ नोव्हेंबर २०१९ चा, आणि एनएसईने कार्वीला थकबाकीदार जाहीर केलं नोव्हेंबर २०२० मध्ये. थकबाकीदार जाहीर झाल्यावर एक्स्चेंजच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दावा करायचा असतो. त्याला कमाल मर्यादा असते, जाहिरातीत दिलेली मुदत असते, आणि डीमॅट विवरणाशिवाय दावा उभा राहत नाही.

सॅटमध्ये गुंतवणूकदार म्हणून जाणं वाटतं तितकं सोपं नाही. अपील आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत, आणि फक्त 'व्यथित' व्यक्तीला. सेबीने तक्रार बंद केल्याचं पत्र म्हणजे अपील करण्याजोगा आदेश आहे का, यावरच सुरुवातीचा वाद होतो. त्यामुळे सेबीला लिहिताना कारणांसह निर्णय मागा आणि तुमच्या अशिलाचं वैयक्तिक नुकसान त्या अर्जातच मांडा. दंडाविरुद्ध नसलेल्या अपिलाचं शुल्क ५,००० रुपये. पुढे सर्वोच्च न्यायालयात कायद्याच्या मुद्द्यावर ६० दिवसांत. सेबीने प्रकरण तडजोडीने मिटवलं तर त्या आदेशाविरुद्ध अपील नाही, उरते ती रिट याचिका.

कलम २४५ चा सामूहिक अर्ज एनसीएलटीपुढे करायचा. सूचिबद्ध कंपनीत १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यांपैकी जे कमी ते, किंवा २ टक्के भांडवल असलेले सभासद हवेत. संचालक, लेखापरीक्षक आणि सल्लागार यांच्याकडून भरपाई मागता येते. बँकिंग कंपन्या यातून वगळल्या आहेत. २०२४ मध्ये जिंदाल पॉली फिल्म्सच्या अल्पसंख्य भागधारकांनी हे कलम वापरल्यावर चर्चा सुरू झाली, पण वापर अजून फारच थोडा आहे, आणि येत्या दहा वर्षांत करिअर घडवणाऱ्याला इथे मोठं रान मोकळं आहे. १०० माणसं जमवणं म्हणजे १०० शपथपत्रं, १०० केवायसी आणि अर्जाच्या तारखेला प्रत्येकाकडे शेअर असल्याचा दाखला. ऐन वेळी काही जण मागे हटतात, म्हणून १३०-१४० तरी जमवा. न्यायाधिकरणाने मंजूर केल्यास कलम १२५ खाली या अर्जाचा कायदेशीर खर्च आयईपीएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीतून मिळू शकतो. ही मागणी अर्जातच करायला विसरू नका.

महाराष्ट्रात आणखी एक हत्यार आहे: ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज हा वस्तूंचा बाजार ३१ जुलै २०१३ रोजी थांबला, सुमारे १३,००० जणांचे ५,६०० कोटी अडकले. ते एक्स्चेंज या कायद्याखाली 'वित्तीय संस्था' ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी ठरवलं. या कायद्याची ताकद कलम ४ मधल्या जप्तीत आहे. फिर्याद आर्थिक गुन्हे शाखेकडे लिहून द्यावी लागते, आणि तिथे मराठीत नेमकं लिहिता येणं हे मोठं भांडवल आहे. कधी पैसे दिले, कोणी काय कबूल केलं, कोणत्या तारखेला परत करायला नकार दिला, हे क्रमाने. विशेषणं नकोत. सोबत मालमत्तेची यादी द्या: सातबारा, सदनिकांचे दस्त क्रमांक, वाहनं, इतर कंपन्यांतले हिस्से. पोलिसांना मालमत्ता शोधून दिली तर जप्ती लवकर होते. उशीर झाला तर मागे रिकामी नावं उरतात.

ग्राहक आयोगाकडे जाताना अशील नियमित सट्टा करत होता का ते पाहा. तसं असेल तर व्यापारी हेतूच्या मुद्द्यावर तो 'ग्राहक' ठरत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

फी

अमेरिकेत गुंतवणूकदारांचे वकील वसुलीतला टक्का घेतात. भारतीय बार कौन्सिलचे नियम निकालावर अवलंबून असलेली फी आणि वसुलीतला वाटा दोन्हींना मनाई करतात. तेव्हा "आधी पैसे नकोत, मिळाले की वीस टक्के द्या" असा करार तोंडीसुद्धा करू नका. सनद जाण्याचा धोका आहे. फी टप्प्यांनी ठरवा: कागद तपासणी आणि लेखी मत, तक्रार आणि सलोखा, लवाद, आव्हान, वसुलीची दरखास्त. पहिल्या टप्प्याची फी आधी घ्या आणि दावा टिकण्यासारखा नसेल तर त्याच मतपत्रात तसं लिहून द्या. अनेक अशिलांना तेवढंच हवं असतं. मोठ्या गटाच्या प्रकरणात वकिलाव्यतिरिक्त तिसऱ्या व्यक्तीने खर्च उचलायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात आडकाठी नसल्याचं म्हटलं आहे, आणि महाराष्ट्राने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये केलेल्या दुरुस्तीतही अशा वित्तपुरवठादाराचा उल्लेख आहे. करार अशील आणि पुरवठादार यांच्यात हवा. वकील त्यात पक्ष नको.

जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच टाका. पीडितांच्या टेलिग्राम गटात शिरून काम मागणंही यातच येतं.

चेंबरचं भाडं सुरुवातीची वर्षं कशातून निघेल? वारसांच्या शेअरमधून. महाराष्ट्रात घरोघरी आजोबांच्या नावाचे कागदी शेअर पडले आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे, पण वारसांच्या नावावर करता येतात. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर आयईपीएफकडे जातात आणि ते आयईपीएफ-५ फॉर्मने परत मागावे लागतात. नॉमिनी नसलेल्या खात्यात एका कंपनीतल्या कागदी शेअरची किंमत ५ लाखांपर्यंत आणि डीमॅटमधली १५ लाखांपर्यंत असेल, तर सोप्या कागदपत्रांवर काम होतं, त्याहून जास्त असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालयाचा वारसा दाखला) किंवा प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) लागतं. सहीतला फरक, आडनावाच्या दोन स्पेलिंग आणि मृत्यू दाखल्यावरचं वेगळं नाव, या तीन गोष्टींवर अर्ज परत येतात. सुरुवातीलाच नावांच्या एकरूपतेचं शपथपत्र जोडा. काम संथ आहे, पण फी निश्चित आहे आणि याच घरांतून पुढची मोठी प्रकरणं येतात.

हितसंबंध

एकदा ज्याला सल्ला दिला त्याच्याविरुद्ध त्याच वादात उभं राहता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून अशिलांची, विरुद्ध पक्षांची आणि त्यांच्या समूह कंपन्यांची नोंदवही ठेवा. नवी भेट ठरवतानाच फोनवर समोरच्याचं नाव विचारा, हकिकत नंतर ऐका. ब्रोकरचं छोटंसं काम घेतलं की त्या ब्रोकरचे सगळे ग्राहक हातचे जातात, हे पाचव्या वर्षी कळून उपयोग नसतो.

आणि स्वतःचे शेअर. सूचिबद्ध कंपनीविरुद्धच्या प्रकरणात तुमच्या हाती बाजाराला ठाऊक नसलेली, किमतीवर परिणाम करणारी माहिती येऊ शकते. ती असताना व्यवहार केला तर २०१५ ची नियमावली वकिलालाही लागू होते. प्रकरण हातात असेपर्यंत त्या कंपनीत स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा ज्युनियरच्या खात्यातून काही घेऊ-विकू नका. चेंबरमध्ये कोणाला कोणती माहिती कधी दिली याची तारीखवार नोंद ठेवा, आणि ज्युनियर रुजू होतो त्याच दिवशी त्याच्याकडून हे लेखी घ्या.